एक जूनच्या मुली

१ जून, शनिवार

आज माझा वाढदिवस, कागदावरचा. खरा कुठला ते कुणालाच ठाऊक नाही. माय म्हणते, तुरी काढायचे दिवस होते आणि बुधवार होता. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. माझ्या वडिलांची, दादांची, तारीख तीच, धाकट्या भावाचीही तीच.

संगमेशने केक आणला. लातूरच्या या सॉफ्टवेअर ऑफिसात आम्ही सहा जण, त्यात कोड लिहिणारा मुख्य तोच, तपासणारी मी. केक कापताना म्हणाला, "आमच्या निलंग्याच्या घरी सात माणसं, सात तारखा. तुमच्याकडं काय, एकाच दिवशी बाळंतपणाचं शिबिर भरतंय का?" सगळे हसले. मीही हसले. माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता.

वसतिगृह सांभाळणाऱ्या कस्तुराबाईंनी मी तिथून निघताना ही सवय लावली: रोज झोपायच्या आधी नाही, रोज सकाळी, कालची चूक लिहायची. "रात्री माणूस स्वतःला लई माफ करतो," म्हणायच्या. तर कालची नाही, आजचीच चूक: मी हसले.

दुसरी चूक. कंपनी चालवणाऱ्या मल्लिनाथ सरांनी विचारलं, ब्लॅक बॉक्स आणि व्हाइट बॉक्स टेस्टिंगमधला फरक सांग. मी धडाधडा सांगितलं. ब्लॅक बॉक्स म्हणजे आतला कोड न बघता, काय घातलं आणि काय बाहेर आलं एवढंच तपासायचं. व्हाइट बॉक्स म्हणजे कोड उघडून त्यातली प्रत्येक ओळ, जर-तरचा प्रत्येक फाटा चालवून बघायचा. सर म्हणाले, "हे पाठांतर झालं. तीस जूनला तुझे सहा महिने भरतात. तोवर समजून सांगता आलं पाहिजे."

कंपनी ठेवेल की नाही ते तीस जूनला ठरणार. घरात पगाराची नोकरी करणारी मी पहिली. दहावी पाहिलेलीही मीच पहिली.

४ जून, मंगळवार

नवं काम आलं आणि वाचून अंगावर काटा आला. नांदेडच्या एका संस्थेची मुलींची चार वसतिगृहं आहेत. यंदापासून आठवीच्या प्रवेशाची यादी आमचं सॉफ्टवेअर लावणार. त्यातलं एक वसतिगृह किनवटचं, माझं. पाचवी ते बारावी मी तिथे काढली.

व्हाइट बॉक्स संगमेश करणार, ब्लॅक बॉक्स मी. मी म्हटलं, एकदा कोड बघू का. तो म्हणाला, "आत बघायचं न्हाई. बघितलं की तू माझ्यासारखाच विचार करायला लागशील. मग तुझा उपयोग काय?" बोलणं पटलं. म्हणजे पटलं असं मी स्वतःला सांगितलं.

वसतिगृहात चवीची वही होती. स्वयंपाक झाला की मुलींना वाढायच्या आधी कस्तुराबाई चव घ्यायच्या आणि वहीत सही करायच्या. चुलीजवळ स्वयंपाकीण साखराबाई असायची, तिला कशात काय घातलं ते माहीत. बाईंना ते माहीत नसायचं, त्या फक्त खायच्या. साखराबाई पळी पुढे करायची ती बाई कधी घ्यायच्या नाहीत. स्वतः पातेल्यात खोल पळी घालून तळाचं काढायच्या. करपलं असेल तर तिथेच कळतं, खडे असले तर तिथेच बसतात. असं मी मल्लिनाथ सरांना सांगितलं तर? नको. त्यांना वाटेल, हिला स्वयंपाकघराशिवाय काही सुचत नाही.

दिवसभर साठ मुली तयार केल्या. खोट्या, तपासणीसाठी. प्रत्येकीला गाव, आडनाव, सातवीचे मार्क, शाळेपासूनचं अंतर. जन्मतारखा देताना मजा आली. कुणाला संक्रांत, कुणाला तीन ऑगस्ट, कुणाला एकोणतीस फेब्रुवारी. एकीसारखी दुसरी नाही. छान छान तारखा दिल्या सगळ्यांना.

६ जून, गुरुवार

दोनशे बारा तपासण्या झाल्या. वय पंधराला एक दिवस कमी, पंधरा पूर्ण, एक दिवस जास्त. अंतर बरोबर पाच किलोमीटर. आई नाही, वडील नाहीत, दोघेही नाहीत. मागच्या वर्षी काही पालकांनी एकाच मुलीचे दोन अर्ज भरले होते, एक घरच्या नावाने आणि एक शाळेतल्या नावाने. असा दुसरा अर्ज आपोआप गळाला पाहिजे, ही संस्थेची अट. तेही तपासलं. माझ्या संक्रांतीच्या मुलीचा अर्ज दोन नावांनी भरला, दुसरा गळाला. बरोबर.

संगमेशचंही झालं. त्याच्या पडद्यावर हिरवी पट्टी होती: शंभर टक्के ओळी चालल्या, एकही फाटा राहिला नाही.

मी अहवालावर 'पास' लिहून सही केली. सरांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्याकडून शिका. दोनशे बारा." संध्याकाळी मायला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग आवाज असा का येतोय तुझा, मयताला गेल्यागत?"

काहीतरी राहिलंय असं वाटतंय. पण मला नेहमीच तसं वाटतं. कुलूप लावून मी तीनदा परत येते.

११ जून, मंगळवार

काल यादी लागली. आज आठव्या दिवशी नळ आला म्हणून बादल्या भरत होते, तेवढ्यात कस्तुराबाईंचा फोन.

"महामाया, तुमच्या कंपनीनं यादी केली म्हणे."

मी म्हटलं, हो बाई, मीच तपासली. अभिमानाने म्हटलं.

"मग माझ्या एकोणीस पोरी कुठं गेल्या?"

एकोणीस मुलींची नावं निवड यादीत नाहीत, प्रतीक्षा यादीत नाहीत, नाकारलेल्यांतही नाहीत. अर्ज भरल्याच्या पावत्या त्यांच्या हातात आहेत. बाकीच्या तीन वसतिगृहांच्या मिळून चव्वेचाळीस. एकूण त्रेसष्ट. वीस तारखेला संध्याकाळी प्रवेश बंद होणार आणि रिकाम्या खाटा प्रतीक्षा यादीला जाणार. त्या मुलींच्या गावात शाळा सातवीपर्यंतच आहे.

बादली भरून पाणी वाहून गेलं. खालच्या काकू ओरडल्या.

१२ जून, बुधवार

सरांना सांगितलं. त्यांनी संगमेशकडे पाहिलं, संगमेशने हिरवी पट्टी दाखवली. सरांनी माझ्याकडे पाहिलं, माझा 'पास' होता. "दोन्ही बाजूंनी तपासलंय. तिकडं फॉर्म भरणाऱ्यांनीच घोळ केला असणार. आणि महामाया, संस्थेच्या माणसांना परस्पर फोन करायचा नाही."

मी म्हटलं, खरे अर्ज बघायला मिळतील का? म्हणाले, ते तुझ्या कामात येत नाही.

१३ जून, गुरुवार

दोनशे बाराच्या दोनशे बारा पुन्हा केल्या. सगळ्या पास.

१४ जून, शुक्रवार

पुन्हा केल्या. पास. जेवण गेलं नाही.

मला वाटतं मला हे काम येतच नाही. ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं असतं त्यांना न सांगता काही गोष्टी कळत असतील. संगमेशचे वडील शिक्षक. त्याला अडलं तर तो घरी विचारतो. मी दादांना काय विचारू?

जेवणाच्या सुट्टीत त्याला म्हटलं, फक्त एकदा कोड उघडून दाखव. तो डबा बंद करत म्हणाला, "तुला माझ्यावर भरोसा न्हाई का?" मी लगेच म्हटलं, आहे. खरंच आहे. तो चांगला आहे, मला कधी वरच्या आवाजात बोलत नाही.

१६ जून, रविवार. किनवट

काल दुपारची एसटी धरून नांदेड गाठलं, मावशीकडे राहिले, सकाळच्या गाडीने इथे आले. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. ही चूक आहे की नाही ते मला लिहिता येत नाही.

वसतिगृहाच्या ओसरीवर पत्र्याच्या पेट्या रांगेने ठेवलेल्या. ज्यांचं नाव नाही त्या मुलीही पेट्या घेऊन आल्यात. बाईंनी त्यांना परत पाठवलं नाही. साखराबाईने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि म्हणाली, "सायब झाली तरी हाडं तेवढीच."

एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसली, दामिनी आत्राम. बाजूला तिची चुलत बहीण सुकन्या. सुकन्याचं नाव यादीत आहे, दामिनीचं नाही.

"ताई, तुमी मशीनवाल्या का?"

हो म्हटलं.

"ही माझ्याहून ढ हाय. हिला घेतलं, मला न्हाई. मशीनला मार्क वाचता येत न्हाई का?"

सुकन्या म्हणाली, "ढ असेन, पण माझा अर्ज आधी भरला मामानं."

दामिनीला एक्क्याऐंशी टक्के, सुकन्याला चौसष्ट. मी गोंधळले. मार्कांच्या क्रमाची तपासणी मी स्वतः केली होती.

"आता परत गेलीस तर काय करशील?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"काय करणार. बाप म्हणून राहिला, दिवाळीपर्यंत बघू. मग तो पोरगं बघंल." हे तिने पेटीच्या कडीशी खेळत सांगितलं.

जेवणानंतर बाईंनी अर्जांच्या कागदी प्रती काढल्या. बाई वाचत होत्या, मी वहीत उतरवत होते. आत्राम दामिनी, एक जून. मडावी कमला, एक जून. टेकाम रेणुका, एक जून. पाचव्या नावाला मी म्हटलं, बाई, तुम्ही तारीख चुकून तीच वाचताय. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"सगळ्यांची तीच हाय. गुरुजी तीच लिहितेत. तुझी कोणती होती? का लातूरला जाऊन बदलली?"

मी सुकन्याचा अर्ज मागितला. आत्राम. तेच गाव. आठवी. एक जून.

मग कमलाच्या गावची दुसरी मडावी काढली. तिचं नाव यादीत होतं. एक जून. रेणुकाच्या गावच्या तीन टेकाम. एक यादीत, दोन गायब. तिघींची तीच तारीख. यादीत आलेल्या प्रत्येकीच्या अर्जाचा क्रमांक आधीचा.

म्हणजे मशीनला दोन बहिणी दिसल्याच नाहीत. एकाच मुलीचे दोन नावांनी भरलेले दोन अर्ज दिसले. पहिला ठेवला, दुसरा टाकला.

माझ्या साठ मुलींत एकही एक जूनची नव्हती. मी, जिचा पंधरा दिवसांपूर्वी केक कापला, मी साठ मुलींना जन्म दिला आणि त्यातल्या एकीलाही माझी तारीख दिली नाही. विसरले असं लिहायला पेन उचललं होतं. पण विसरले नव्हते. ती तारीख बोटाशी आली होती, आणि मी संक्रांत लिहिली.

बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच सहन होईना. म्हणाल्या, "वरची पळी चाखलीस तू." आणि प्रती गोळा करायला लागल्या.

१७ जून, सोमवार. लातूर

सकाळी सर्वांच्या आधी ऑफिसात जाऊन दोन मुली भरल्या. एक आडनाव, एक गाव, आठवी, एक जून. नावं, मार्क, आईची नावं वेगळी. यादी काढली. एकच मुलगी आली.

दोनशे तेरावी तपासणी. नापास.

संगमेशला दाखवलं. त्याने कोड उघडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मी आत पाहिलं. मला वाटलं होतं आत काहीतरी फार अवघड असेल. एक ओळ होती. आडनाव तेच, गाव तेच, इयत्ता तीच, जन्मतारीख तीच, तर अर्ज दुहेरी, वगळा. मी वाचली आणि मला ती समजली.

"ओळ चालतीय बरोबर," तो म्हणाला. "मी तपासली. दुहेरी अर्ज घातला, वगळला. वेगळा घातला, ठेवला. दोन्ही फाटे चालले."

"चालली. पण असं वगळायचं सांगितलं होतं कुणी?"

"एका गावात एका आडनावाच्या दोन पोरींची एकच तारीख, असं असतंय का कुठं?" बोलता बोलता त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. कान लाल झाले त्याचे.

त्याने ओळ चालते का बघितलं, आणि ती चालते. तिने काय करायला हवं होतं हे मला बघायचं होतं, आणि ती ओळ आहे हे मला माहीत नव्हतं. दोघांनी आपापलं काम केलं आणि त्रेसष्ट मुली मधून पडल्या. हा फरक मला अजून सरांना सांगता येईल असा जमत नाही.

सर म्हणाले, दुरुस्ती करू, पुढच्या वर्षीसाठी. यंदाची यादी बदलली तर आपलं चुकलं असं होतं, मग संस्थेचं पुढचं काम गेलं. "तू असं लिहून दे, की अर्जांतली माहिती सारखीच असल्यामुळे दुहेरी धरले गेले. खोटं आहे का यात काही?"

नाही, शब्दशः खोटं नाही. तेच वाईट आहे.

"उद्या संध्याकाळपर्यंत दे. तुझं तीस तारखेचंही बघायचंय मला."

१८ जून, मंगळवार

दोन अहवाल लिहिले. एक सरांना हवा तसा, चार ओळींचा. दुसरा दीड पानाचा. दोन्ही पिशवीत आहेत. सकाळपासून तीनदा स्वच्छतागृहात जाऊन वाचले.

संगमेश हळूच म्हणाला, एक सोपी वाट आहे, त्रेसष्ट जणींच्या तारखा एकेक दिवसाने सरकवायच्या. दोन जून, तीन जून. मशीन घेईल, कुणाला कळणार नाही, सरांनाही नाही. मी पाच मिनिटं खरंच विचार केला. मग दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर दामिनीची तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळणार नाही हे आठवलं. नाही म्हटलं.

दादांना फोन केला. "जय भीम, बोल." सगळं सांगितलं. त्यांना मशीनचं कळलं नाही, सहीचं कळलं.

"त्या कागदावर सही कोणाची हाय?"

"माझी."

"मी अंगठ्याचा माणूस. साक्षरतेच्या वर्गात चाळिसाव्या वर्षी सही शिकलो. मला काय इचारतीस सहीचं." मग बराच वेळ खोकले. "नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते."

"मायला आत्ताच सांगू नको," म्हणाले आणि फोन ठेवला. नोकरी जाण्याबद्दल की मी फोन केल्याबद्दल, कळलं नाही.

संध्याकाळी सरांनी अहवाल मागितला. मी म्हटलं, उद्या देते. उद्या मी ऑफिसात नसेन हे मी त्यांना सांगितलं नाही. ही लबाडी झाली.

१९ जून, बुधवार. नांदेड

पहाटेची एसटी.

संस्थेचे सचिव शेषेराव, साठीचे, पांढरा सदरा. त्यांनी दीड पान दोनदा वाचलं. मग एक वाक्य मोठ्याने वाचलं: "'माझी स्वतःची जन्मतारीख एक जून असूनही मी ही तारीख तपासणीत घेतली नाही. माझा सहा जूनचा पास हा शेरा मी मागे घेते.' हे कशाला लिहिलं बाई? एवढं कुणी विचारलं नव्हतं."

मी म्हटलं, सही मागे घ्यायची तर कारण लिहावं लागतं.

"माझीबी एक जूनच हाय," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात नऊ जणांची हाय. तुमच्या लोकांनी एकदा येऊन चहा पिला असता तरी कळलं असतं."

त्यांनी माझ्यासमोरच मल्लिनाथ सरांना फोन लावला. आवाज चढवला नाही. म्हणाले, उद्या दुपारी बारापर्यंत नवी यादी. तिकडून सर काय बोलले ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून शेषेराव मला म्हणाले, "तुम्ही आता लातूरला जाऊ नका एवढ्यात. जेवून घ्या."

माझ्या मोबाइलवर सरांचे अकरा फोन. उचलले नाहीत. ही चूक लिहून ठेवते.

२० जून, गुरुवार

संगमेशने ती ओळ बदलली. आईचं नाव आणि आधीच्या शाळेतला दाखला क्रमांकही जुळला तरच दुहेरी. साडेअकराला नवी यादी आली. त्रेसष्टपैकी त्रेसष्ट सापडल्या. अठ्ठावन्न निवडल्या गेल्या, पाच प्रतीक्षेत.

मार्कांनी दामिनी निवडीत आली. पण सुकन्या निवडीतून प्रतीक्षेत गेली, चौथी.

हे मला सुचलंच नव्हतं. मी फक्त दामिनीला आत आणायचा विचार केला. जागा तेवढ्याच आहेत. एक आत येणार तर एक बाहेर जाणार हे तिसरीतल्या मुलीला कळलं असतं. सुकन्या दहा दिवस त्या खाटेवर झोपतेय. तिने भिंतीवर खडूने नाव लिहिलंय, मी पाहिलं होतं.

कस्तुराबाईंना फोन केला. रडू नये म्हणून उभं राहून केला.

"यादी आली," बाई म्हणाल्या. "सुकन्याला सांगितलं मी."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणंल. पेटी भरून बसली होती. दामिनी तिच्या पेटीवर जाऊन बसली, उठंचना. म्हणून राहिली, मशीनला आम्ही दोघी एक वाटलो न्हं, मग एका खाटेवर झोपतो."

"तसं चालतं का बाई?"

"वसतिगृहाची तपासणी ऑगस्टात येते. तोवर कोणी न कोणी पोरगी घरी जातीच दरसाली. खाट निघंल." मग म्हणाल्या, "न्हाई निघाली तर न्हाई."

२४ जून, सोमवार. लातूर

सरांनी बोलावलं. ओरडतील वाटलं होतं. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, मुलगी चांगली आहेस, पण कंपनीला माणूस आपला वाटला पाहिजे. तीस तारखेपर्यंत ये. संस्थेचं काम गेलं नाही, पण ते मला नंतर संगमेशकडून कळलं.

जाताना मी म्हटलं, सर, तो ब्लॅक बॉक्स-व्हाइट बॉक्सचा फरक. म्हणाले, "राहू दे आता."

२७ जून, गुरुवार

मायला सांगितलं. ती म्हणाली, "दादानं कवाच सांगितलं." आणि गावात पापड कुणाकडे लाटायला घातलेत ते सांगत बसली.

पुन्हा नोकरीचे अर्ज करायला बसले. दोन ठिकाणी तोच प्रश्न विचारलाय, फरक लिहा. अजून नीट सांगता येत नाही. पाठ आहे तेच लिहिलं.

३० जून, रविवार

सुट्टी होती तरी टेबल आवरायला गेले. संगमेश आलेला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी ती साठ पोरींची फाइल ठेवून जा. पुढच्या कामाला लागंल." मी म्हटलं, तशी नको, दुरुस्त करून देते. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला, बघत राहिला.

चाळीस जणींच्या तारखा पुसल्या. संक्रांत, तीन ऑगस्ट, एकोणतीस फेब्रुवारी. त्यांना एक जून लिहिलं, त्यातल्या बारा एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या. उरलेल्या वीस जणींच्या तारखा राहू दिल्या, कारण तशाही मुली असतात.

वर एक ओळ रिकामी होती. तिथे लिहिलं: मुलगी क्रमांक एक. गजभारे महामाया रामकिशन. एक जून.

संगमेशने विचारलं, ही खरी आहे का खोटी?

सकाळी किनवटहून फोन आला होता. खाट अजून निघालेली नाही. दोघी डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे करून झोपतात.